नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ असं सांगू नकोस

*ताई, मी मिरजेची, वय २७. सहा वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार बसला, कमरेखाली संवेदना नाही. हात मात्र धडधाकट आहेत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर माझी मी जाते. घरून काम करते. आता कंपनीनं नोएडाला दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला बोलावलंय. दोन वर्षांपूर्वी भावाबरोबर एकदाच विमानानं गेले होते, एका लहान विमानतळावरून. काउंटरवरची मुलगी माझ्याकडं न बघता भावाला विचारत होती, “ह्यांना थोडंफार चालता येतं का?” विमानाच्या शिडीवरून दोन लोडरनी उचलून नेलं. एकाचा हात कुठं होता ते लिहवत नाही. कसल्यातरी कागदावर सही घेतली. उतरल्यावर माझी खुर्ची बॅगांच्या पट्ट्यावरून आली, ब्रेक वाकलेला. आता भाऊ म्हणतो, मी रजा काढून सोबत येतो, नाहीतर रेल्वेनं जाऊ. आई म्हणते ट्रेनिंगच नको. मला एकटीला जायचंय. जाऊ देतील का? आणि विमानात बाथरूमचं काय करू?*

जा. एकटी जा. भावाची रजा दिवाळीला उपयोगी पडेल.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तिकीट काढताना भावानं ‘व्हीलचेअर’ शब्दाशेजारच्या चौकोनात टिचकी मारली असणार आणि त्याला वाटलं असणार, झालं काम. त्याचा दोष नाही. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, चाळिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर हिंडले, मग खुर्ची आली. आणि खुर्ची आल्यानंतरही कितीतरी प्रवास मी तो एकच शब्द सांगून केले. दर वेळी वेगळीच तऱ्हा व्हायची आणि मी नशिबाला बोल लावायचे.

विमानवाल्यांच्या कारभारात व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर, यातला शेवटचा आर रॅम्पचा. या प्रवाशाला शिडी चढता येते, आत चालता येतं, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. गुडघे दुखणारे आजी-आजोबा यात येतात. दुसरा डब्ल्यूसीएचएस, एस म्हणजे स्टेप्स. पायऱ्या जमत नाहीत, पण विमानाच्या दारापासून सीटपर्यंत हळूहळू जाता येतं. तिसरा डब्ल्यूसीएचसी, सी म्हणजे केबिन. याला सीटपर्यंत खुर्चीतूनच न्यावं लागतं. तू सी आहेस. नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हटलं की बऱ्याचदा आर नोंदला जातो. मग आतल्या वाटेवर चालणारी अरुंद खुर्ची, म्हणजे आयल चेअर, येत नाही, खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत वर नेणारी ॲम्बुलिफ्ट येत नाही, कारण ती कोणी मागवलेलीच नसते. विमान सुटायला पंधरा-वीस मिनिटं उरली की कोणीतरी वॉकीटॉकीवर दोन लोडर बोलावतं. ती माणसं दिवसभर बॅगा उचलत असतात. तुलाही त्यांनी तशीच उचलली.

तेव्हा तिकीट काढल्यावर विमान कंपनीला फोन कर. उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवायचं असा नियम आहे. तू चार-पाच दिवस आधीच कर. शब्द हेच वापर: “डब्ल्यूसीएचसी नोंदवा. शिडीचा प्रश्न असेल तर ॲम्बुलिफ्ट लागेल. विमानाच्या दारापाशी आयल चेअर लागेल. माझी स्वतःची खुर्ची मी विमानाच्या दारापर्यंत वापरणार आहे आणि उतरताना ती मला दारातच परत हवी.” मग खुर्चीचं वजन आणि घडी घातल्यावरची लांबी-रुंदी-उंची सांग. फोनवरच्या माणसाला हे सगळं वाचून दाखवायला लाव आणि ईमेलवर मागून घे. फोनवरचं ‘हो मॅडम, झालं मॅडम’ काउंटरवर दाखवता येत नाही.

विमानतळ कुठला घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. लहान विमानतळांवरून जाणारी बरीच विमानं एटीआर जातीची, पंख्यांची. त्यांचं प्रवाशांचं दार मागच्या अंगाला आणि शिडी त्या दारालाच जोडलेली, एअरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराला भिडणारा बोगदा, सहसा लागत नाही. काही ठिकाणी उताराचा रॅम्प आणून लावतात, तो असेल तर उत्तमच. पण आहे का, चालू आहे का, त्या दिवशी माणूस आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तू मिरजेहून गाडीनं पुण्याला ये. साडेचार-पाच तास जातील, कंटाळशील, पण पुण्याहून दिल्लीला थेट विमान मिळतं आणि एअरोब्रिजची शक्यता चांगली असते. शक्यता म्हणते, खात्री नाही. विमान लांब उभं केलं तर बसनं नेतात. म्हणून चेक-इनलाच विचार: “एअरोब्रिज आहे की बे?” बे म्हणाले तर तिथल्या तिथे ॲम्बुलिफ्टची आठवण कर. ट्रकच्या पाठीवर एक खोली असते, ती कात्रीसारख्या लोखंडी दांड्यांवर वर उचलली जाऊन विमानाच्या दाराला भिडते. तू तुझ्या खुर्चीत बसूनच वर जातेस. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, नंतर मजा वाटते.

रेल्वेबद्दल भावाशी भांडू नकोस, पण दिव्यांगांचा डबा गाडीच्या कुठल्या टोकाला लागतो आणि फलाटापासून किती उंच असतो हे त्याला एकदा मिरज जंक्शनवर नेऊन दाखव. तिथेही उचलायला माणसं लागतातच.

आता ‘जाऊ देतील का?’ विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, यावर स्वतंत्र नियम आहे: सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट १. त्याची प्रत छापून बॅगेत ठेव. मी ठेवते, कडेला पिवळ्या पेननं रेघा मारून. त्यातल्या तीन गोष्टी तुझ्या कामाच्या. जेवण, बोलणं-समजणं, शौचादी आणि इतर वैयक्तिक गरजा मी स्वतः पाहू शकते असं प्रवाशानं सांगितलं, तर सोबत माणूस हवाच असा आग्रह विमान कंपनीला धरता येत नाही. चढण्या-उतरण्यापुरती मदत लागणाऱ्या प्रवाशाकडून डॉक्टरचा दाखला किंवा खास फॉर्म मागता येत नाही. तुझ्याकडून सही घेतलेला तो कागद याच जातीचा असावा. आणि अपंगत्व आहे एवढ्या कारणानं विमानात घ्यायला नकार देता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका आली तर डॉक्टरनं प्रत्यक्ष तपासून स्पष्ट मत द्यायला हवं. काउंटरवरच्या पोरानं चेहरा बघून ठरवायचं नाही.

हे शेवटचं कलम जुलै २०२२ मध्ये आलं, आणि ते कोणाला तरी सोसावं लागलं म्हणून आलं. त्या वर्षी मे महिन्यात रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी विमानात चढू दिलं नाही, आईबापही मग गेले नाहीत. डीजीसीएनं कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि नियम बदलला. त्याच्याही आधीचं जिजा घोष यांचं प्रकरण तुला माहीत असायला हवं. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेला निघाल्या होत्या. सीटवर जाऊन बसलेल्या बाईंना स्पाइसजेटनं खाली उतरवलं. त्या कोर्टात गेल्या, मुंबईची ‘अडॅप्ट’ ही संस्था सोबत होती, आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. चार वर्षं लागली. गोव्याची परिषद तर हुकलीच.

तरी नियम कागदावर आहेत म्हणून विमानतळावर सगळं सुरळीत चालतं असं मी सांगणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्यानं व्हीलचेअर आधी सांगितली होती. आली एकच. त्यात पत्नी बसल्या, गृहस्थ बरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. खुर्च्या कमी पडतात हे खरं आहे. आणि ज्यांना चालता येतं पण इंग्रजी फलक वाचायची किंवा रांगेची धास्ती वाटते असे पुष्कळ लोक खुर्ची मागतात, हेही खरं. मला त्यांचा राग येत नाही. परदेशी मुलाकडे पहिल्यांदा निघालेल्या आजींना बोट धरायला कोणीतरी हवं असतं, आणि ते बोट फक्त व्हीलचेअरच्या नावाखाली मिळतं, ही व्यवस्थेची गंमत आहे.

म्हणूनच स्वतःची खुर्ची शेवटपर्यंत सोडू नकोस. चेक-इनला तुला गोड आवाजात सांगतील, “मॅडम, तुमची खुर्ची इथेच लगेजमध्ये द्या, आमची घ्या.” नियमानं हा पर्याय आहे, सक्ती नाही. विमानतळाच्या खुर्चीची चाकं नीट बघ. पुष्कळदा चारही लहान. अशी खुर्ची फक्त मागच्यानं ढकलायची असते, बसणाऱ्याला हलवता येत नाही. एकदा एका विमानतळावर ढकलणाऱ्या मुलानं मला गेटजवळ नेलं, भिंतीकडे तोंड करून लावलं आणि “आत्ता आलो” म्हणून गेला. चाळीस मिनिटं मी एका विमा कंपनीची जाहिरात वाचत होते. पाठीमागे माझ्या विमानाची घोषणा चालू होती आणि मला मान वळवण्यापलीकडे काही करता येईना. शेजारून जाणाऱ्या कॉलेजच्या पोराला हाक मारली, “बाळा, मला जरा फिरव.” त्या दिवसापासून माझी खुर्ची विमानाच्या दारापर्यंत माझ्याच बुडाखाली असते.

खुर्चीवर विमानाच्या दारात परत देण्याचा टॅग लावून घे. साधा बॅगेज टॅग लावला तर ती पुन्हा पट्ट्यावरून येईल. दारात ती सोडताना निघणारं सगळं काढून घे: गादी, पायठेवणी, बाजूचे गार्ड. एका कापडी पिशवीत घालून आत ने. माझी एक पायठेवणी अशीच कायमची हरवली, तेव्हापासून पिशवी. पाठीला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून बांध, हिंदी आणि इंग्रजीत: फ्रेमला धरून उचला, हात टेकायच्या दांड्याला धरू नका. सोडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो. काही मोडलंच तर विमानतळाबाहेर पडायच्या आत लेखी तक्रार, म्हणजे पीआयआर, करून तिची प्रत घे. नंतर केलेल्या तक्रारीला फारसं कोणी विचारत नाही. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची भरपाई सहसा २०,००० रुपयांपर्यंतच मिळते. चांगल्या खुर्चीची किंमत तुला मी सांगायला नको. खुर्ची महागाची असेल तर चेक-इनला जास्त किमतीचं घोषणापत्र करता येतं का ते विचार, त्याचे वेगळे पैसे घेतात. (बॅटरीवर चालणारी खुर्ची असणाऱ्यांसाठी जाता जाता: लिथियमची, काढता येणारी बॅटरी असेल तर साधारण ३०० वॅट-तासांची मर्यादा असते आणि काढलेली बॅटरी केबिनमध्ये सोबत न्यायची. तिच्यावरचा आकडा खोडला गेला असेल तर ती बनवणाऱ्या कंपनीचं पत्र ठेवा.)

सुरक्षा तपासणीत तुला पडद्याआड नेतील, तपासणारी बाईच असेल. खुर्चीवरून आणि हातांवरून कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घालतात, ती स्फोटकांची चाचणी. ‘उठून उभ्या राहा’ म्हटलं तर शांतपणे सांग की उभं राहता येत नाही, बसूनच तपासा. कृत्रिम पायाच्या बाबतीत नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ करून जाहीर गाऱ्हाणं मांडलं होतं, दर वेळी पाय काढायला लावतात म्हणून; विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफनं माफी मागितली आणि अपवादात्मक परिस्थितीतच पाय काढायला सांगायचा असतो असं स्पष्ट केलं. एवढ्या ओळखीच्या चेहऱ्याला हे सांगावं लागलं, तर तू आवाज चढवायला संकोचू नकोस.

बाथरूम. सरळच सांगते: या मार्गावरच्या विमानांच्या बाथरूममध्ये तुला जाता येणार नाही. खुर्ची शिरत नाही, दार लागत नाही. अमेरिकेनं २०२३ मध्ये मधे एकच वाट असलेल्या विमानांतल्या बाथरूमबद्दल नियम केला, तोही पुढच्या दशकात येणाऱ्या नव्या विमानांसाठी. म्हणून आपल्यातल्या बहुतेक जणी काय करतात ते मला ठाऊक आहे, आदल्या रात्रीपासून पाणी बंद. असं करू नकोस. तुझ्यासारख्या मणक्याच्या दुखापतीत लघवीचा संसर्ग किती लवकर होतो ते तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. उड्डाण दोन-सव्वादोन तासांचं आहे, पण सगळ्यांच्या आधी चढवतात आणि सगळ्यांच्या नंतर उतरवतात, म्हणून साडेतीन-चार तासांचा हिशेब धर. गेटवर नेण्याच्या आधी तिथल्या दिव्यांगांच्या बाथरूममध्ये कॅथेटर, म्हणजे नळीनं लघवी काढणं, करून घे. ढकलणारा मुलगा घाई करेल, करू दे. पॅड घाल, लागलं नाही तर चांगलंच. कॅथेटर, जेली आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत. डॉक्टरची दोन ओळींची चिठ्ठी त्यावर ठेव. ती बॅगेतल्या या सामानासाठी, तुझ्यासाठी नव्हे. सीटवर स्वतःची गादी घालून बस आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचल.

एवढं करूनही कोणी अडवलंच, तर भांडण काउंटरवरच्या मुलीशी नको, तिच्या हातात काही नसतं. ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांग, त्याचं नाव आणि वेळ लिहून घे, आणि ‘नकार लेखी द्या’ म्हण. माझा अनुभव असा की लेखी म्हटल्यावर निम्मे नकार विरघळतात. उरलेल्यांसाठी तक्रारीचं सरकारी एअरसेवा ॲप आहे, डीजीसीए आहे, दिल्लीत दिव्यांगजन मुख्य आयुक्तांचं कार्यालय आहे.

राहिला तो हात. ते लिहवत नाही म्हणालीस, म्हणून सगळ्यात जास्त तेच मनात राहिलं.

दारात आयल चेअर येईल. ती अरुंद असते, बाजू नसतात, पट्टे असतात. तुझ्या खुर्चीतून तिच्यात तू स्वतः जाशील, दोन्हींचे ब्रेक लावल्याची खात्री तू कर. पट्टे छातीवर, मांडीवर आणि पायांवरही बांधायला सांग. पायांचा पट्टा बहुतेक विसरतात आणि मग पाऊल सीटच्या लोखंडाला घासत जातं, आपल्याला कळतही नाही. कोपरं आत. तुझी सीट शक्यतो पुढच्या रांगांमध्ये माग. खिडकीची देतील, आणीबाणीत इतरांची वाट अडू नये म्हणून. वाटेकडचा हाताचा दांडा सहसा वर उचलता येतो. त्याच्या खालच्या अंगाला, बिजागरीपाशी, एक लपलेलं बटण असतं. पुष्कळदा केबिन क्रूलाही ते लगेच सापडत नाही. तू बोटांनी चाचपून दाखव. दांडा वर गेला की तू सरकू शकतेस.

पण कधी उचलावंच लागलं, तर असं. तू दोन्ही हातांची छातीवर घडी घालायची. मागच्या माणसानं तुझ्या काखांखालून हात घालून तुझीच मनगटं घट्ट धरायची. त्याचे हात तुझ्या मनगटांवर अडकलेले राहतात, इकडेतिकडे जायला जागाच नसते, आणि वजनही नीट पेलतं. दुसऱ्यानं गुडघ्यांच्या जरा वर, मांड्यांखाली धरायचं. मागे बाई हवी असेल तर तसं आधीच सांग. आणि एक-दोन-तीन तू म्हणायचंस. उचलणाऱ्यानं नाही. ज्याला उचलायचं तो मोजतो.

जायच्या आधी हे घरी पाच-सहा वेळा करून बघ. आईला मागे उभी कर, भावाला पायांशी. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन ओळींत मांडा, मध्ये वीसेक इंचांची वाट ठेवा. विमानात साधारण तेवढीच असते.